पावसाने भूजल किती वाढलं हे स्वतः मोजायचं कसं: विहिरीच्या काठापासून हिशोबापर्यंत

दर पावसाळ्यात मला एकाच छापाचे मेसेज येतात. "काल ८० मिलिमीटर झाला, विहीर दीड मीटर चढली, म्हणजे भरपूर मुरलं ना?" मग मी उलट तीन प्रश्न विचारतो: पंप बंद करून किती वेळ झाला होता, कुठून मोजलं, आणि पाऊस यायच्या आधीचे दीड-दोन महिन्यांचे आकडे आहेत का. पहिल्या दोनांची काहीतरी उत्तरं येतात, तिसऱ्याला मात्र समोरून शांतता. आणि खरी गोम तिथेच आहे, कारण पावसाआधी विहीर रोज किती उतरत होती हेच माहीत नसेल तर पावसाने ती किती चढली हे सांगताच येत नाही.

म्हणून खालचे टप्पे क्रमानेच करा. लोक सहाव्यापासून सुरू करतात आणि चौथा गाळतात, मग सगळा सीझन वाया.

सुरुवातीआधी एक गोष्ट: चढलेली पातळी म्हणजे मुरलेलं पाणी नाही

जमिनीखाली पाणी टाकीत भरल्यासारखं नसतं, ते कणांमधल्या फटींत आणि खडकाच्या भेगांत असतं. त्यातलंही सगळं निथळत नाही, बरंच कणांना चिकटून राहतं. एकूण आकारमानाच्या जेवढ्या टक्के पाणी निथळून हाताला लागतं त्याला स्पेसिफिक यील्ड म्हणतात. वाळूच्या गाळात हा आकडा साधारण १२ ते २० टक्के असतो, चिकणमाती जास्त असलेल्या गाळात ४ ते ८, जांभ्यात २ ते ३, झिजलेल्या बेसॉल्टमध्ये १ ते ३, आणि भेगा नसलेल्या अखंड खडकात एक टक्कासुद्धा नाही.

आता बघा काय होतं. १०० मिलिमीटर पाणी खरंच खाली पोचलं. वाळूत १६ टक्के धरले तर पातळी चढेल साधारण ६२ सेंटीमीटर. झिजलेल्या बेसॉल्टमध्ये २ टक्के धरले तर तेवढ्याच पाण्याने पातळी चढेल ५ मीटर! पाणी तेवढंच, पण एक जण "काहीच मुरलं नाही" म्हणून हळहळतोय आणि दुसरा पाच मीटरचा फोटो सगळ्यांना पाठवतोय. म्हणजे दोन वेगळ्या खडकांतल्या विहिरींची नुसत्या मीटरमध्ये तुलना करण्यात काही अर्थ नाही.

## टप्पा १: विहीर नीट निवडा

सगळ्यात चांगली विहीर म्हणजे कोणी वापरत नाही अशी, उथळ, उघडी, जिला झरे जिवंत आहेत. अशी मिळत नाही हे मान्य, मग त्यातल्या त्यात कमी उपसा असलेली घ्या. पण काही विहिरी सरळ बाद करायच्या.

नदी, कालवा किंवा तलावाला लागून असलेली विहीर नको, ती तुम्हाला पावसाची नाही, नदीची गोष्ट सांगेल. नदी फुगली की ती चढणार, नदी उतरली की उतरणार. छपराचं पाणी पाइपाने थेट आत सोडलेली विहीरही नको, तिथे तुम्ही जमीन नाही, छप्पर मोजताय. काठ जमिनीला सपाट असलेली, ज्यात पावसाचा लोंढा वरूनच घुसतो, ती तर अजिबातच नको.

आणि खोल बोअर. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. वरच्या थरांना केसिंग (बोअरच्या भिंतीला धरून आत बसवलेला पाइप) घालून खालचा, चिकणमातीच्या किंवा अखंड खडकाच्या झाकणाखालचा थर गाठलेला असेल, तर बोअरमध्ये दिसणारी पातळी ही त्या थरातल्या पाण्याच्या दाबाची पातळी असते. त्याला पाणी कुठूनतरी लांबून, कधी कधी खूप जुन्या पावसाचं येत असतं. कालच्या सरीचा तिथे संबंध लावू नका. बोअर किती खोल, केसिंग कुठपर्यंत, मध्ये कुठले थर लागले हे माहीत नसेल तर ती हिशोबाला घेऊ नका.

> तपासा: विहीर जिवंत आहे का? पातळी मोजा, थोडं पाणी उपसा, पंप बंद करून दर अर्ध्या तासाने परत मोजा. पातळी परत जागेवर येत असेल तर ठीक. येतच नसेल तर झरे गाळाने बुजलेत. अरुंद नळीच्या निरीक्षण विहिरीत उलटं करा, एक बादली स्वच्छ पाणी ओता आणि ते उतरतंय का बघा. उतरलं नाही तर ती नळी म्हणजे नुसती पाण्याची बाटली आहे.

> इशारा: जुन्या आणि बंद विहिरीत उतरू नका, कितीही उथळ वाटली तरी. तळाशी ऑक्सिजन कमी असू शकतो आणि ते वरून कळत नाही. या सगळ्या कामात आत उतरायची गरज एकदाही पडत नाही.

## टप्पा २: मापनबिंदू ठरवा आणि तो हलणार नाही याची सोय करा

काठावर एक जागा ठरवा, जिथून टेप सरळ खाली सुटेल आणि भिंतीला घासणार नाही. तिथे ऑइलपेंटने बाणाची खूण करा. कायम तिथूनच मोजायचं, तुम्ही नसाल तेव्हा दुसऱ्यानेही तिथूनच. मग खूण जमिनीपासून किती उंच आहे ते मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. कठडा ०.८० मीटर उंच असेल तर प्रत्येक रीडिंगमधून ०.८० वजा केले की जमिनीखालची खोली मिळते.

माझं स्वतःचं एक वर्ष इथे गेलं. एका आठवड्यात पातळी अचानक नऊ-दहा सेंटीमीटरने खाली गेलेली दिसली, आजूबाजूला कुठेही उपसा वाढलेला नव्हता. मी आपला झाडांची मुळं, बाष्पीभवन, काय काय थिअरी लावत बसलो. महिन्याभराने काठावर हात टेकला तेव्हा लक्षात आलं की सिमेंट नवीन आहे: कोणीतरी कठडा दुरुस्त करताना विटांचा एक थर वाढवला होता आणि वर भल्या माणसाने माझा बाणसुद्धा परत रंगवून ठेवला होता! पाणी होतं तिथेच होतं, मीच वरून मोजत होतो.

तेव्हापासून मी दोन खुणा करतो. एक काठावर, दुसरी जवळच्या एखाद्या न हलणाऱ्या गोष्टीवर, खडकावर किंवा जुन्या जोत्यावर. दोन्हींतला उंचीचा फरक पाण्याच्या नळीने (गवंडी लेव्हल बघायला पारदर्शक नळी वापरतात ती) एकदा काढून ठेवायचा आणि दर सहा महिन्यांनी परत बघायचा.

## टप्पा ३: पाऊस विहिरीजवळच मोजा

उष्ण कटिबंधातला पाऊस बराचसा ढगांच्या गडगडाटातला असतो, पाच किलोमीटरवर धो धो आणि तुमच्याकडे कोरडं, असं सर्रास होतं. त्यामुळे लांबच्या केंद्राचा किंवा मोबाइल ॲपचा आकडा या कामाला चालत नाही. स्वतःचा मापक लावा.

तयार मापक नसेल तर सरळ भिंतींचं, सपाट तळाचं कुठलंही भांडं चालतं, त्यात जमलेल्या पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजली की झालं. बाटली आणि नरसाळं असेल तर हिशोब करावा लागतो: जमलेलं पाणी मिलिलिटरमध्ये मोजा, नरसाळ्याच्या तोंडाच्या क्षेत्रफळाने (चौरस सेंटीमीटर) भागा आणि १० ने गुणा. २० सेंटीमीटर व्यासाच्या तोंडाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटीमीटर, १५७ मिलिलिटर जमलं तर पाऊस ५ मिलिमीटर. इथे हमखास होणारी चूक म्हणजे नरसाळ्याऐवजी बाटलीचा व्यास धरणं.

जागा मोकळी हवी. झाड किंवा भिंत जेवढी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मापक ठेवा, चौपट जमलं तर उत्तम. रोज सकाळी एकाच वेळी वाचा आणि तो आकडा आदल्या चोवीस तासांचा आहे हे लक्षात ठेवून लिहा, नाहीतर पुढे आलेखात सगळं एक दिवस सरकतं आणि विहीर पावसाच्या आधीच चढल्यासारखी दिसते. हसू नका, असे आलेख मी पाहिलेत.

शक्य असेल तर पाऊस सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळही लिहा. ६० मिलिमीटर दिवसभर रिपरिप पडला की तासाभरात कोसळला, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

## टप्पा ४: पावसाआधीची उतरण नोंदवा (हा टप्पा गाळू नका)

पाऊस नसतानाही विहीर स्थिर नसते. भूजल हळूहळू उताराच्या दिशेने ओढ्याकडे, नदीकडे सरकत असतं, झाडं ओढत असतात, उपसा चालू असतो. त्यामुळे कोरड्या दिवसांत पातळी रोज थोडी थोडी उतरते. ही उतरणीची रेघ तुमच्याकडे हवी.

पावसाच्या निदान सहा ते आठ आठवडे आधी सुरू करा, आठवड्यातून एकदा पुरे, शेवटच्या पंधरा दिवसांत दर दोन-तीन दिवसांनी. समजा सात दिवसांत पातळी १४ सेंटीमीटर उतरली, तर उतरण रोज २ सेंटीमीटर. ही रेघ सहसा अगदी सरळ नसते, पातळी खाली जाते तशी उतरण मंदावते, म्हणून सुरुवातीच्या नाही तर पावसाच्या लगेच आधीच्या दोन-तीन आठवड्यांचा वेग धरा.

विषुववृत्ताजवळ बऱ्याच भागात वर्षाला दोन पावसाळे असतात. तिथे "पावसाळ्याआधी एक, नंतर एक" अशी दोनच रीडिंग घेऊन भागत नाही, दोन्ही पावसाळ्यांच्या मधली उतरणही वेगळी काढावी लागते.

> तपासा: पुढच्या टप्प्याला जाण्याआधी तुमच्याकडे उतरणीची निदान सहा रीडिंग आहेत का, आणि प्रत्येकासमोर पंपाची स्थिती लिहिलीय का? नसेल तर या वर्षी आकडे नुसते गोळा करा, टक्के काढू नका.

## टप्पा ५: पातळी मोजायची रीत

वेळ पहाटेची किंवा सकाळी पंप सुरू व्हायच्या आधीची. पंप चालू असताना विहिरीभोवती पाणी खोलगट होऊन खाली ओढलं जातं आणि बंद केल्यावर ते सावरायला वेळ लागतो, कधी तासभर, कधी रात्रभर. सावरलंय का हे ओळखायला अर्ध्या तासाच्या अंतराने दोन रीडिंग घ्या, फरक एक सेंटीमीटरच्या आत असेल तर ते रीडिंग वहीत जाईल. शेजारच्या विहिरीचा पंप चालू असेल तर तेही लिहा, भूजलाला बांध कळत नाही.

रोज एकाच वेळेचा हट्ट अजून एका कारणासाठी. पाणी उथळ असेल आणि जवळ मोठी झाडं असतील तर दिवसा झाडं पाणी ओढतात म्हणून पातळी थोडी उतरते आणि रात्री परत सावरते. आज सकाळी आणि उद्या दुपारी मोजलंत तर हा चढउतार तुम्ही पावसाच्या खात्यात टाकाल.

मोजायला स्टीलचा टेप आणि खडू ही अजूनही सगळ्यात भरवशाची जोडी. कापडी टेप नको, ओला झाला की ताणतो. टेपच्या टोकाला छोटं वजन बांधा, खालच्या मीटरभर भागाला निळा खडू फासा आणि टेप हळूहळू सोडा. टोक पाण्यात थोडं बुडालं असेल असा अंदाज आला की टेपवरची एखादी पूर्ण मीटरची खूण, समजा १२.००, बरोब्बर बाणावर धरा. मग वर ओढून घ्या. खडू जिथे भिजला तिथे रंग गडद झालेला दिसतो, कडा अगदी सुरीने कापल्यासारखी असते. ती कडा ०.४३ वर असेल तर १२.०० वजा ०.४३, म्हणजे ११.५७ मीटर. कठड्याचे ०.८० वजा करा, जमिनीखाली १०.७७.

दोनदा मोजा. दोन्हींत एक सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर तिसऱ्यांदा.

पावसाळ्यात विहिरीच्या भिंती पाझरत असतात, टेप भिंतीला लागला की खडू भलतीकडेच ओला होतो आणि कडा फिसकटते. तेव्हा पाण्याला टेकताच बीप वाजणारा वॉटर लेव्हल मीटर सोयीचा, नाहीतर उघड्या विहिरीत आरशाने उन्हाचा कवडसा खाली पाडा आणि वजन पाण्याला टेकताच उठणारी वर्तुळं बघा. जुनी ट्रिक आहे, मस्त चालते, फक्त ऊन हवं.

> इशारा: पिण्याच्या पाण्याची विहीर असेल तर टेप प्रत्येक वेळी क्लोरीनच्या पाण्याने धुऊनच आत सोडा. एका विहिरीतला टेप तसाच दुसरीत घालू नका.

## टप्पा ६: पाऊस सुरू झाला, आता रोज नोंद, आणि धीर

पहिल्या पंधरा दिवसांत बहुतेकांचा उत्साह मावळतो, कारण पाऊस पडतोय आणि विहीर ढिम्म. उलट ती उतरतच असते. हे अगदी बरोबर चाललंय.

कोरड्या मोसमानंतर वरची माती पूर्ण तहानलेली असते आणि आधी ती आपलं पोट भरते. एक मीटर जाडीची चिकणमाती झाडांना मिळण्याजोगं १७५ ते २५० मिलिमीटर पाणी धरून ठेवू शकते, पोयटा १०० ते १७५, वाळू मात्र २५ ते १००. वर उष्ण प्रदेशातलं बाष्पीभवन आणि झाडांचा श्वास मिळून रोज ४ ते ६ मिलिमीटर पाणी परत हवेत जातं. म्हणजे आठवडाभर रोज ५ मिलिमीटरची भुरभुर झाली तर विहिरीच्या दृष्टीने पाऊस झालाच नाही असं समजा. मातीची भूक भागली की मगच पाणी खाली सुटतं, आणि पाण्याची पातळी जितकी खोल तितका पोचायला उशीर.

म्हणून वहीत सीझनच्या सुरुवातीपासूनचा एकूण पाऊस रोज बेरीज करून लिहा आणि विहिरीने उतरणं थांबवलं त्या दिवशीची बेरीज लाल पेनाने गोल करा. हा तुमच्या जागेचा उंबरठा. कुठे तो १०० मिलिमीटर निघेल, कुठे ३००. दर वर्षी थोडा बदलेल, पण दोन-तीन वर्षांत अंदाज बसतो.

दुसरी गोष्ट जोराची. पाणी आत शिरण्याचा वेग मातीवर ठरतो: चिकणमातीत तासाला साधारण १ ते ५ मिलिमीटर, पोयट्यात १० ते २०, वाळूत ३० पेक्षा जास्त. चिकणमातीवर तासात ५० मिलिमीटर कोसळला तर त्यातला बहुतेक वरून वाहून जातो. त्यामुळे "झड लागली की मुरतं, मुसळधार वाहून जातं" हा ठोकताळा पुष्कळ ठिकाणी खरा ठरतो.

पण सगळीकडे नाही, आणि हे सांगितलंच पाहिजे. टांझानियात डोडोमाजवळ माकुटापोरा इथे १९५० च्या दशकापासून भूजलपातळीच्या नोंदी आहेत. २०१३ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं की तिथे बहुतेक वर्षी भूजलात फारशी भर पडतच नाही, जी पडते ती मोजक्या अतिवृष्टीच्या मोसमांत, जसा १९९७-९८ च्या एल निन्योचा. निमकोरड्या प्रदेशात रोजचा साधा पाऊस माती आणि झाडंच पिऊन टाकतात, उंबरठा ओलांडायची ताकद मोठ्या पावसातच असते, आणि वाहून गेलेलं पाणी पुढे ओढ्या-नाल्यांच्या वाळूतून मुरतं. तेव्हा दुसरीकडचा नियम आपल्या विहिरीला लावू नका, तुमची वही काय म्हणते ते बघा.

काळ्या भेगाळ मातीचा अजून एक खेळ असतो. उन्हाळ्यात तिला हात आत जाईल अशा भेगा पडतात, पहिल्या जोरदार सरीचं पाणी भेगांतून थेट खाली जातं आणि विहीर उंबरठ्याच्या आधीच थोडी हलते. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि त्यानंतर तीच माती पाणी अडवून धरते. चुनखडीच्या पोकळ्या असलेल्या प्रदेशात तर पाणी काही तासांत खाली पोचतं, तिथे दिवसातून एक रीडिंगही कमी पडतं.

## टप्पा ७: खोटी वाढ ओळखा

विहीर चढली म्हणजे मुरलंच असं नाही. हे वाचून झाल्यावर आपल्या वहीतल्या जुन्या "वाढी" परत तपासा.

वरून घुसलेलं पाणी. पाऊस पडल्यापडल्या तासा-दोन तासांत पातळी चढली, पाणी गढूळ झालं आणि टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) आकडा एकदम पडला, तर लोंढा थेट आत आलाय. दोन-चार दिवसांत ही वाढ जिरून जाते. छोटा टीडीएस मीटर या एका कामासाठी तरी जवळ ठेवा. (उघड्या विहिरीत थेट पडलेला पाऊसही पातळी चढवतो, पण ते साधं आहे, ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे पाच सेंटीमीटर.)

कोंडलेली हवा. मोठी सर आली की वरची माती झाकणासारखी भिजते आणि खालची हवा मध्येच अडकून दाबली जाते. त्या दाबाने विहिरीतलं पाणी वर उचललं जातं, खाली एक थेंब पोचलेला नसताना. याला लिस इफेक्ट म्हणतात, नेदरलँड्समधल्या लिस गावावरून. पाणी उथळ असेल तिथे हे जास्त दिसतं, आणि पातळी एक-दोन दिवसांत परत जागेवर येते.

हवेचा दाब. झाकण असलेल्या खोल थरातल्या बोअरमध्ये वादळ येताना हवेचा दाब कमी झाला की पातळी चढते, दाब वाढला की उतरते. पाऊस त्याच वेळी येतो त्यामुळे श्रेय पावसाला मिळतं.

बंद पडलेले पंप. पाऊस आला की सगळे आपापला उपसा थांबवतात. पातळी वर येते. पाऊस हे कारण खरं, पण मुरल्यामुळे नाही. मला वाटतं सगळ्यात जास्त फसवणूक हीच करते, कारण ही वाढ संथ, स्वच्छ आणि टिकाऊ असते, अगदी खऱ्या भरणासारखी. म्हणून तर पंपाचा रकाना रोज भरायचा.

भरती-ओहोटी. समुद्रकिनारी आणि बेटांवर पातळी भरतीबरोबर हलते. तिथे नेहमी भरतीच्या एकाच अवस्थेत मोजा. शिवाय तिथे वरच्या थोड्याशा वाढीला मोठा अर्थ असतो: गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं आणि समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडं पाणी असेल तर खाली साधारण ४० मीटर असू शकतं. उतरलं तर हिशोब त्याच पटीत उलटा.

> तपासा: तीन दिवसांचा नियम वापरा. पाऊस थांबून तीन दिवस झाल्यावरही जी वाढ टिकली तीच वाढ वहीत "वाढ" म्हणून लिहा. चुनखडीच्या प्रदेशात हा नियम चालत नाही.

## टप्पा ८: आलेख

वहीतले आकडे स्प्रेडशीटमध्ये टाका: तारीख, पाऊस, एकूण पाऊस, जमिनीखालची खोली, पंप, शेरा. खोलीचा अक्ष उलटा ठेवा, शून्य वर, म्हणजे पाणी चढलं की रेघही चढेल. हे न केल्याने कित्येक जण भर पावसाळ्यात भूजल "घटलं" म्हणून सांगत सुटतात. पाऊस वरून खाली लोंबणाऱ्या काड्यांनी दाखवा.

मग बघायच्या दोनच गोष्टी. मोठ्या पावसानंतर किती दिवसांनी रेघ वळते, आणि सीझनच्या शेवटी शेवटी पाऊस चालू असूनही रेघ आडवी होते का. आडवी झाली तर थर भरलाय. उथळ कठीण खडकात हे अर्ध्या पावसाळ्यातच होऊ शकतं, त्यानंतरचा पाऊस कितीही पडला तरी ओढ्याला जातो. मग त्या वर्षीचा एकूण पाऊस आणि पातळी यांचं गुणोत्तर काढून उपयोग नाही.

उपग्रहावरून भूजल दाखवणारे नकाशे या कामात मध्ये आणू नका. ग्रेस उपग्रह २००२ ते २०१७ पर्यंत पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातला बदल मोजून पाण्याचा अंदाज देत होते, त्यांचे वारस २०१८ पासून देतात, पण त्यांना दिसतो तो शेकडो किलोमीटरचा पट्टा. तुमची विहीर त्यात टिंबही नाही.

## टप्पा ९: हिशोब

इथे चौथ्या टप्प्यातली उतरण कामाला येते. समजा पाऊस सुरू झाला त्या दिवशी पातळी जमिनीखाली ९.४० मीटर, उतरण रोज २ सेंटीमीटर. तीस दिवसांनी विहीर सगळ्यात वर, ७.६० वर आली. त्यात एकूण पाऊस ४०० मिलिमीटर.

बहुतेक जण ९.४० वजा ७.६० करून १.८० मीटर लिहितात. चूक. पाऊस आलाच नसता तर तीस दिवसांत विहीर अजून ६० सेंटीमीटर उतरून १०.०० वर गेली असती. म्हणून खरी वाढ १०.०० वजा ७.६०, म्हणजे २.४० मीटर. ते साठ सेंटीमीटर पावसानेच भरून काढलेत, फक्त दिसत नाहीत.

आता स्पेसिफिक यील्डने गुणा. २ टक्के धरले तर २४०० मिलिमीटर गुणिले ०.०२, म्हणजे ४८ मिलिमीटर मुरलं. पावसाच्या १२ टक्के.

पण तो २ टक्क्यांचा आकडा तुम्ही कोष्टकातून उचललाय, मोजलेला नाही. खडकाचा आवाका १ ते ३ टक्के असेल तर उत्तरही २४ ते ७२ मिलिमीटर, म्हणजे ६ ते १८ टक्के असंच लिहा. "१२.० टक्के" असं दशांशासकट छापू नका, त्या शून्याला काही अर्थ नाही.

## टप्पा १०: दुसऱ्या वाटेने पडताळा

जमल्यास क्लोराइडने करा. पावसातलं क्लोराइड पाण्याबरोबर जमिनीत उतरतं, पाणी उडून जातं पण क्लोराइड मागे राहतं, त्यामुळे भूजलात ते जितकं दाट तितकं पाणी कमी मुरलेलं. वर्षाचा पाऊस १००० मिलिमीटर, पावसाच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम आणि विहिरीत १० मिलिग्रॅम, तर मुरलेलं १००० गुणिले १ भागिले १०, म्हणजे १०० मिलिमीटर. पावसाचा नमुना एका सरीचा नको, सीझनभराचा मिसळलेला हवा. आणि जवळ सांडपाणी, खतं, गुरांचा गोठा किंवा खारं पाणी असेल तर ही पद्धत सोडा, बाहेरचं क्लोराइड मिसळलं की मुरलेलं पाणी उगाचच कमी दिसतं.

दोन्ही उत्तरं एकमेकांच्या दुपटीच्या आत आली तर खूश व्हा, या विषयात तेवढं पुष्कळ आहे. दसपटीचा फरक असेल तर आधी विहीर चुकीची निवडली का ते बघा, मग स्पेसिफिक यील्डचा आकडा.

आणि पाऊस थांबला म्हणून वही मिटू नका. शेवटच्या पावसानंतरचे सहा आठवडे आठवड्यातून दोनदा मोजा. जांभ्यासारख्या भागात भरलेली विहीर काही आठवड्यांतच बरीच उतरते, वाळूच्या सपाट गाळात ती महिनोन्महिने टिकते, आणि पुढच्या वर्षीच्या हिशोबाला लागणारी उतरणीची रेघ इथूनच सुरू होते.